उजव्या हाताला तीन थेंब

२७ मार्च १९९२, शुक्रवार. दोन कट्टे लोकवन गव्हाला एरंडेल चोळायचं होतं.

दुपारी जेवणं आटोपल्यावर गच्चीवरच्या पत्र्याच्या सावलीत मी जुनी चादर अंथरली, पहिला कट्टा तिच्यावर ओतला आणि मांडी घालून बसले. डावीकडे एरंडेलाची बाटली. उजवीकडे एक वही, कडा तेलानं काळ्या झालेली, कुठल्यातरी परक्या गावाहून आलेली. वाऱ्यानं मिटू नये म्हणून तिच्यावर खलातला बत्ता ठेवला होता. हात तेलकट होते, त्यामुळे पान उलटायचं ते कोपरानं.

त्या वहीशी माझं खरं तर काही देणंघेणं नव्हतं. पण आमचे हे इंदुरात राहतात की सूरतेला जातात, ते सोमवारी ठरणार होतं, आणि ठरवणारं जे मशीन होतं त्याच्यासोबत ही वही आली होती. म्हणून बसले होते.

आम्ही दोघंही एकाच मिलमध्ये होतो. हे साळखात्यात, म्हणजे जिथं कापड विणलं जातं तिथं, जॉबर. जॉबर म्हणजे माग लावणारा मुकादम. मी मिलच्या दवाखान्यात कंपाउंडर. त्यामुळे मिल बंद झाली तेव्हा दोन्ही पगार एकाच दिवशी थांबले. मला बडा गणपतीजवळच्या एका मेडिकल दुकानात अर्ध्या दिवसाचं काम मिळालं. ह्यांना काही मिळेना. अठरा वर्षं साचे, म्हणजे माग, चालवलेला माणूस. त्याला दुसरं काही करायला सांगितलं की तो वाद घालत नसे, फक्त ऐकल्यासारखं करून बाहेर ओटल्यावर जाऊन बसे.

मग पोलोग्राउंडमधल्या एका कारखानदार सेठनी स्पेनहून जुना फीत विणायचा माग आणला. परदेशातलं जुनं मशीन मागवणं आता सोपं झालं होतं. सेठ सांगत, सरकारनं दरवाजा आत्ता उघडला, आपण तर कधीपासून चपला घालून उभे होतो. एका वेळी वीस फिती विणणारा माग होता तो. साडीची किनार, शाळेतल्या मुलींच्या रिबिनी, पायजम्याचा नाडा, जे पाहिजे ते. त्यांनी ह्यांना बोलावलं आणि सांगितलं, चालवून दाखवा, तुमची नोकरी पक्की. होलाष्टक, म्हणजे होळीआधीचे आठ अशुभ दिवस, लागायच्या आदल्या दिवशी पूजा झाली. माग चालू झाला, अर्धा तास छान चालला, आणि मग उजव्या टोकाच्या फितींचे धागे तुटायला लागले. रोज तसंच. डावीकडच्या फिती सरळ, उजवीकडच्या तुटलेल्या. ह्यांनी ताण बदलून पाहिला, धागा बदलून पाहिला, जमिनीवर पाणी मारून हवा ओली करून पाहिली. पंधरा दिवस गेले. शेवटी सेठनी सूरतेहून कारागीर बोलावला. तो सोमवारी येणार होता, आणि त्यानं माग लावून दिला तर तोच राहणार होता.

"भिया, आपका तजुर्बा अपनी जगह," सेठ ह्यांना म्हणाले होते, "पर ये मशीन मेमसाब है. देसी हाथ को पैचानती नी."

सेठचं ते बोलणं मला ह्यांनी हात धुता धुता, माझ्याकडे पाठ करून सांगितलं. मिलमधले आमचे एक शेजारी आधीच सूरतेला गेले होते. एका खोलीत आठ माणसं, आणि खाटा चार. चौघं कामावर असताना चौघं झोपतात, असं त्यांनी कळवलं होतं. ह्यांची लोखंडी पेटी पलंगाखालून पुढे ओढलेली मला दिसत होती. त्याबद्दल आम्ही बोललो नव्हतो.

वही मागाच्या पायाला सुतळीनं बांधलेली आली होती. सेठनी ती माझ्याकडे पाठवली. भाभीजींना दवाखान्यातली इंग्लिश येते, बघून घेतील, असा निरोप होता. उघडली तर ते इंग्लिश नव्हतंच. अक्षरं तीच, पण शब्द भलतेच. मी ती कपाटावर ठेवून दिली आणि दुकानात गेले. मला दुसरीही कामं होती.

पण गव्हाला तेल चोळणं हे असं काम आहे की हात गुंततात आणि डोळे रिकामे राहतात. मार्चमधली इंदूरची दुपार, पांढरं ऊन, खालच्या रस्त्यावरून एखाददुसरा टेम्पो गेला तर तेवढाच आवाज. तीन वाजले की पूर्वी मिलचा भोंगा व्हायचा. तो बंद झाल्यापासून दुपार संपायचं विसरून जायची. गहू बोटांतून सरकत होता, एरंडेलाचा जड, गोडसर वास डोक्यात चढत होता, आणि मी जागी होते की नव्हते कोण जाणे, पण समोरच्या पानावर मला एक ओळखीचं तोंड दिसलं.

तीन अक्षरं होती. ओ, एल, आय. ओली.

बाटलीवरचं लेबल मी वर्षानुवर्षं पाहत आले होते. ओलियम रिसिनी, म्हणजे एरंडेल. दवाखान्यातल्या आमच्या म्हाताऱ्या डॉक्टरसाहेबांनी पहिल्याच आठवड्यात मला हे शिकवलं होतं. ओलियम म्हणजे तेल, आणि इंग्लिशमधलं ऑइल तिथूनच आलं. चिठ्ठी ते अजून जुन्या पद्धतीनं, लॅटिनमध्ये लिहीत. अक्वा म्हणजे पाणी. माने म्हणजे सकाळी. नोक्ते म्हणजे रात्री. गुत्ता म्हणजे थेंब. ही मेलेल्या लोकांची भाषा आहे, ते म्हणायचे, आणि तिचा फायदा एवढाच की रोगी जिवंत असेपर्यंत त्याला कळत नाही. मग स्वतःच हसायचे.

मी पदराला हात पुसले आणि वही जवळ ओढली. ओलीच्या आधी गोतेस असा शब्द होता, त्याआधी त्रेस. थ्री, त्रेस, आपलं संस्कृत त्रि. तीन काहीतरी तेल. गुत्ता, गोता. तीन थेंब तेल.

ती भाषा स्पॅनिशही नव्हती, कॅटलान होती, हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं. बार्सिलोनाच्या बाजूला फिती विणणारं एक गाव आहे, तिथली. तेव्हा मी आपली तिला स्पेनची भाषा म्हणत होते. खाली जाऊन मी डिक्शनरी आणली. मिलचं ऑफिस रिकामं केलं तेव्हा रद्दीच्या ढिगातून काढलेली, पुठ्ठा निघालेली, विटेएवढी जाड. तिच्यात प्रत्येक शब्दाच्या शेवटी तो कुठून आला ते बारीक अक्षरात दिलेलं असे. एरवी ते कोण वाचतं? त्या दुपारी मी तेच वाचत बसले.

थेंबापासून सुरुवात केली. गुत्तापासून इंग्लिशमध्ये गाउट आला, म्हणजे पायाच्या अंगठ्याला होतो तो आजार. कारण जुन्या वैद्यांना वाटायचं, शरीरातला खराब रस थेंब थेंब सांध्यात गळतो. आमच्या मिलच्या मॅनेजरना तो होता. मी त्यांना गोळ्या मोजून द्यायची आणि त्यांच्या अंगठ्यात थेंब पडताहेत हे मला माहीत नव्हतं. सराफ्यातल्या दुकानांत साडीला लावायचा जरीचा गोटा मिळतो, त्याच्याशी मात्र ह्या गोताचं काही नातं नाही. तोंडवळा सारखा, घराणं वेगळं.

फिल म्हणजे धागा. लॅटिनमध्ये फिलम. आणि इंग्लिशमधली फाइल तीच. कारण पूर्वी कागद दोऱ्यात ओवून ठेवत. मिलच्या ऑफिसातल्या सगळ्या फायली नाड्यानं बांधलेल्या असत. त्या जळाऊ लाकडासारख्या ट्रकमध्ये टाकल्या गेल्या तेव्हा मी गेटवर उभी होते. गव्हाच्या ढिगात हात घालून बसल्या बसल्या मला ते सगळे कागद पुन्हा एका लांबच लांब दोऱ्यात ओवलेले दिसायला लागले. दोरा मिलमधून निघून राजवाड्यावरून कुठंतरी समुद्राकडे चाललेला.

असं दिसणं माझ्या स्वभावात नाही. मी तोंडावर पाणी मारून आले.

नित हा शब्द पाहून मी दचकले, कारण इंग्लिशमध्ये त्याच तीन अक्षरांची निट म्हणजे लीख, डोक्यातल्या उवेचं अंडं. मिलच्या वस्तीतल्या मुलींच्या केसांना लावायला आम्ही औषध देत असू. इथं मात्र ती नोक्तेची धाकटी बहीण निघाली, रात्र. एका पानावर कोन्स्तिपात असं होतं. मला वाटलं, लिहिणाऱ्याचं पोट साफ होत नसावं, आणि माझा हात आपोआप एरंडेलाच्या बाटलीकडे गेला. नंतर कळलं, तिकडं त्याचा अर्थ सर्दी झाली आहे एवढाच. मूळ लॅटिन शब्द ठासून भरण्याचा. एका देशात नाक ठासलं, दुसऱ्या देशात पोट. मी त्या माणसाला एरंडेल पाजलं असतं तर त्याला सर्दीबरोबर आणखी एक त्रास झाला असता.

तो माणूस मला हळूहळू दिसायला लागला. चेहरा नाही, फक्त हात. बोटाला तेल लागलेलं असताना पेन्सिल धरणारा, म्हणून प्रत्येक पानाच्या उजव्या कोपऱ्याला एक काळा अंगठा. ह्यांचाही तसाच उठायचा, दवाखान्याच्या रजिस्टरवर. शेवटच्या लिहिलेल्या पानावर दोनच शब्द होते. देमा तांकेम. पहिल्यात मला माने दिसलं, सकाळ, म्हणून उद्या सकाळी असं काहीतरी असावं असं मी धरलं. इंग्लिशमध्येही मॉरो म्हणजे आधी सकाळ आणि मग उद्या. आपल्या उद्यातही उजाडणं असावं असं मला वाटतं, पण विचारून पाहिलेलं नाही. दुसऱ्या शब्दाला डिक्शनरीत सगळ्यात जवळचा शब्द टँक मिळाला, आणि तो तर म्हणे आपल्याच बाजूनं गेलेला, मराठी-गुजरातीतल्या टाक्यावरून. मग मी अर्थ लावला की उद्या पाण्याची टाकी. भरायची असेल, धुवायची असेल. चुकीचा होता. त्याचा टाकीशी संबंध नाही. उद्या आम्ही बंद करतो, असं लिहिलं होतं त्यानं. हे मला समजलं तेव्हा ती वही माझ्याकडे नव्हती आणि ह्यांचे केस पिकले होते.

पण त्या दुपारी मी टाकीवरच समाधान मानलं आणि मागे, पहिल्या पानाकडे गेले.

तिथं चित्र होतं. मागाचा आडवा दांडा, त्याच्या दोन्ही टोकांना एकेक छोटी वाटी, झाकणाची. खाली ओळ. कादा माती. ही आपली माती नव्हे, मॅटिनीतली सकाळ, म्हणजे रोज सकाळी. त्रेस गोतेस द ओली, तीन थेंब तेल. मा द्रेता. मा म्हणजे हात, लॅटिन मानुस, मॅन्युअल तिथलाच. द्रेता लावायला वेळ लागला नाही. डोळ्याच्या औषधावर डॉक्टरसाहेब उजव्या डोळ्यासाठी ओक्युलस डेक्स्टर लिहीत. द्रेताचं घराणं खरं तर डायरेक्टचं, हे नंतर कळलं, पण अर्थ बरोबर निघाला. उजव्या हाताला तीन थेंब. पुढे दोन थेंब, मा एस्केरा. एस्केरा म्हणजे काय? डाव्याला लॅटिनमध्ये सिनिस्टर म्हणतात, त्याचा इथं मागमूस नाही. इंग्लिशमध्ये नाही, डिक्शनरीत नाही. एवढ्या गोतावळ्यात तो एकटाच शब्द कुणाचाच कुणी नव्हता. पण उजवा सापडला की उरतो तो डावा. त्याला नातेवाईक नसले तरी त्याची जागा पक्की होती.

मी पुन्हा चित्र पाहिलं. उजवीकडची ती पितळी वाटी, झाकण मागे पडलेली. करंड्यासारखी. ती मी ओळखत होते. माझा हात तिच्यात गेलेला होता.

पूजेच्या दिवशी सेठ म्हणाले होते, पहिला हात घरच्या लक्ष्मीचा लागू द्या. मी ताट घेऊन पुढे झाले. मागाच्या अंगाला सगळीकडे तेल, कुंकू टेकवायला कोरडी जागा मिळेना. ही वाटी मात्र स्वच्छ, चकचकीत, हळदकुंकवासाठीच केल्यासारखी. मी तिच्यात हळद घातली, कुंकू घातलं, वरून चिमूट दोन चिमूट अक्षता वाहिल्या. सगळे म्हणाले, छान दिसतंय.

आणि मिलमध्ये एक रीत होती. दसऱ्याला साच्याला लावलेलं कुंकू कुणी पुसत नसे. ते आपोआप झिजायचं.

दवाखान्यात मी मिक्श्चरच्या बाटलीला कागदाची पट्टी चिकटवून द्यायची, तिला डोसाप्रमाणे खाचा पाडलेल्या. कामगार आठ दिवसांनी यायचा, म्हणायचा, बाई, तुमच्या औषधानं काही फरक नाही. मी त्याची नाडी बघत नसे. बाटली बघायची. पहिल्याच खाचेला औषध असेल तर त्यानं ते घेतलेलंच नाही. ह्यांना मी मागे एकदा तेलाचं विचारलं होतं, तेव्हा ते म्हणाले होते, उजवीकडची वाटी भरलेलीच असते, तिच्यात घालावं लागत नाही. रोज सकाळी तीन थेंब घालायचे म्हणजे दुसऱ्या सकाळपर्यंत ते आत गेलेले असले पाहिजेत. सतरा दिवस वाटी भरलेली होती. म्हणजे आतला दांडा त्या बाजूला कोरडाच घासत होता, आणि धागे तिथंच तुटत होते.

दुसरा कट्टा मी ओतलाच नाही.

हे सातला आले. मी चहा ठेवला आणि सरळ विचारलं.

"अहो, त्या उजवीकडच्या वाटीत शेवटचं तेल कधी घातलंत?"

"भरलेली आहे म्हटलं ना. रोज बघतो."

"रोज तेवढीच?"

ते शर्ट काढत होते. एक हात बाहीत राहिला.

"पूजेला हळदकुंकू आणि अक्षता मी तिच्यात वाहिल्या होत्या," मी म्हटलं. "तेलात त्याचा चिखल होऊन तांदळासकट खाली बसला असेल. खालचं भोक बुजलं असेल."

त्यांनी शर्ट पूर्ण काढून खुंटीला लावला, पलंगाच्या कडेवर बसले आणि पायानं ती लोखंडी पेटी थोडी आत सरकवली.

"मला दिसलं होतं," ते म्हणाले. "पूजेचं पुसू कसं, म्हणून वरूनच तेल घातलं." मग, "अठरा साल साच्यावर काढली. देवाला तेल पाजत बसलो आणि मशीन उपाशी."

चहा पिताना त्यांनी एवढंच सांगितलं की सेठपाशी ह्याचं नाव काढू नकोस. जॉबरला तेलाची वाटी कळली नाही म्हणेल, आणि बोलावलेला सूरतवाला तसाच ठेवून घेईल. गुपचूप साफ करू, माग चालला म्हणजे चालला. मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. मला दोष ज्याचा त्याच्या नावावर लिहिलेला बरा वाटतो. त्याशिवाय, माग आपोआप बरा झाला असं दिसलं असतं, तर त्याचं श्रेय नशिबाला गेलं असतं आणि सूरतेचा माणूस तरीही आला असता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी केसांतला एक आकडा, कापूस, स्पिरिटची बाटली आणि डोळ्यांत औषध घालायचा ड्रॉपर पिशवीत टाकला आणि ह्यांच्यासोबत टेम्पोनं पोलोग्राउंडला गेले. वर तेल होतं, खाली लाल चिखल. आकड्यानं उकरून काढला. अक्षतांचे दाणे अजून अख्खे होते. भोकातून उजेड दिसेपर्यंत कापूस फिरवला. हे बॅटरी धरून उभे होते. मग ड्रॉपरनं तीन थेंब उजवीकडे, दोन डावीकडे, आणि मी बाजूला झाले.

सेठ साडेनऊला आले तेव्हा माग तास दीड तास चालत होता. वीसच्या वीस फिती एकसारख्या खाली येत होत्या. त्यांनी उजवीकडे जाऊन पाहिलं, दांड्याला हात लावून पाहिला, ह्यांच्याकडे पाहिलं. हे माझ्याकडे पाहत होते.

मी सांगितलं. हळदकुंकू माझं, वाटी तेलाची, आणि जॉबरनं ते पुसलं नाही कारण पुसत नसतात. सेठनी कपाळावरच्या स्वतःच्या टिळ्याला नकळत बोट लावलं. पूजेला नाव ठेवता येत नव्हतं. ती त्यांनीच करायला लावली होती.

"भाभीजी," ते म्हणाले, "दिवाली पे पूजा गल्ले की करेंगे. इसको हाथ मत लगाना." मग केबिनमध्ये जाऊन त्यांनी सूरतेला फोन लावला, आणि येऊ नका म्हणून सांगितलं. आवाज दाराबाहेर येत होता.

मागावरून पहिली हातभर निळी फीत कापून ह्यांनी माझ्याकडे दिली, आणि पुन्हा दांड्याकडे वळले. मी तिनं वही मागाच्या पायाला परत बांधली. त्याआधी पहिल्या पानावर, त्या माणसाच्या ओळीखाली, बाकीच्या कामगारांना वाचता यावं म्हणून हिंदीत लिहिलं: रोज सुबह, दायें हाथ तीन बूँद, बायें हाथ दो, कुमकुम नहीं.

मग टेम्पो पकडून घरी आले. दुसरा कट्टा राहिला होता.